दृष्टिबाधित मुलामुलींची शाळेनंतरची वाट: कोल्हापुरातले पालक आणि विद्यार्थी वारंवार विचारतात ते प्रश्न

ही तयारी कधी सुरू करायची? दहावी झाल्यावर बघू म्हटलं तर चालेल का?

उशीर होतो. आठवीपासून सुरू करा. सरकारी कागद सहा महिन्यांत उभे राहतात, पण स्वतःचे कपडे ओळखून काढणं, चहा करणं, कोपऱ्यावरच्या दुकानातून मोजून सुटे पैसे आणणं ही कामं हातात बसायला वर्षं लागतात. बारावीला ८० टक्के मिळवलेला मुलगा पुण्याच्या हॉस्टेलवर गेला आणि महिन्याभरात परत आला, तर बहुतेक वेळा कारण अभ्यास नसतं. मेसमध्ये ताट कुठं ठेवायचं, कपडे कसे धुवायचे, अनोळखी माणसाला नेमकं काय विचारायचं, हे त्याच्या वाट्याला घरात कधी आलेलंच नसतं.

घरात नेमकं काय शिकवायचं?

चहापासून सुरू करा. उष्णता, मोजमाप, ओतणं आणि क्रम या चारही गोष्टी त्यात येतात.

गॅस बंद असतानाच पातेलं शेगडीवर ठेवायचं आणि दोन्ही हातांनी चाचपून ते मधोमध आहे का बघायचं. दांडी कायम एकाच बाजूला. पाणी पातेल्यात अंदाजाने नाही, कपाने मोजून. आता लायटर बर्नरला टेकवायचा आणि मगच बटण फिरवायचं. इथंच सगळ्यात जास्त चुकतं. आधी बटण फिरवून मग लायटर शोधला की गॅस साचतो, भपका होतो, मूल दचकतं आणि आई म्हणते, "राहू दे, मी करते." तिथं पुढची पाच वर्षं जातात.

उकळी कानाने कळते. पाणी तापताना तळातून बारीक सळसळ येते, मग खळखळ सुरू होते. दूध घातल्यावर फेस वर चढायला लागला की तोच आवाज दबतो. आवाज दबला की गॅस बारीक करायचा. नुसतं दूध तापवायला शिट्टीचा मिल्क कुकर बरा. ओतताना कप ताटलीत ठेवायचा आणि पातेल्याची चोच कपाच्या काठाला टेकवायची. कप भरत आला की आवाजाची पट्टी चढते. गार पाण्याला बोट आत धरून पातळी बघता येते, गरम पदार्थाला कधीच नाही. त्यासाठी काठाला अडकवायचा छोटा लेव्हल इंडिकेटर मिळतो, पाणी लागलं की तो वाजतो.

मिसळणाच्या डब्यात वाट्यांच्या जागा ठरलेल्या हव्यात. मोहरी समोर, हळद उजवीकडे, जे काही असेल ते, पण घरातल्या कुणीही ते बदलायचं नाही. चटणीच्या, म्हणजे आपल्या कांदा-लसूण मसाल्याच्या, बरणीला दोन रबरबँड लावा आणि मिठाच्या बरणीला एक. सपाट टच पॅनेलची इंडक्शन शेगडी घेऊ नका, त्यावर बोटाला काहीच लागत नाही. आधीच घेतली असेल तर चालू-बंद आणि कमी-जास्तच्या जागी उंचवट्याची टिकली चिकटवा.

काठी हातात दिली की लोक बघतात, नावं ठेवतात. काठीशिवाय नाही का चालणार?

लोक बघतातच. काठी नसताना ठेचकाळणाऱ्या मुलाकडे जरा जास्तच बघतात. पांढरी काठी रस्ता सांगते आणि गाडीवाल्यालाही सांगते की या माणसाला गाडी दिसत नाही.

माप असं घ्या: सरळ उभं राहून जमिनीपासून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. झपझप चालणाऱ्याला त्याहून थोडी लांब, काखेपर्यंतही चालते. शिबिरात मिळालेली काठी आखूड निघाली तर ती बदलून घ्या. आखूड काठीने खड्डा कळतो तेव्हा पाय त्यात पोचलेला असतो. शिवाय मूल पुढे वाकून चालायला लागतं, मग पाठ दुखते आणि काठी कपाटात जाते.

मूठ पोटासमोर मधोमध, तर्जनी दांड्यावर सरळ. काठीचं टोक खांद्यांपेक्षा जेमतेम दोन बोटं जास्त रुंद फिरवायचं आणि उजवं पाऊल पुढे पडताना टोक डावीकडे टेकायचं. मूठ एका बाजूला सरकली की कमान एकीकडे तोकडी पडते आणि माणूस नकळत त्या बाजूला भरकटतो. टोक झिजलं तर बदला. घडीच्या काठीतलं इलॅस्टिक सैल झालं तर ती भर रस्त्यात मिटते.

कमरेच्या वरचं मात्र काठीला कळत नाही. टेम्पोचा उघडा फाळका, दुकानाच्या पुढ्यातला लोंबता हूक, तिरकी टपरी. अशा ठिकाणी दुसरा हात कपाळासमोर आडवा धरायची सवय लावा.

कोल्हापुरात एकट्याने फिरायची सुरुवात कुठून करावी?

महाद्वार रोडवरून नको, तिथं सरळ रेषाच मिळत नाही. राजारामपुरी सोयीची. गल्ल्यांना क्रमांक आहेत, मुख्य रस्त्याला त्या ओळीने मिळतात, त्यामुळे भिंत संपून हवेचा झोत लागला की एक गल्ली ओलांडली अशी मोजदाद करता येते. सकाळी साडेसहा-सातला गर्दी कमी असताना एकच फेरी पंधरा दिवस करा. मग तीच संध्याकाळी. त्यानंतर शाहूपुरी. दसरा चौक, बिंदू चौक आणि ताराराणी चौक शेवटी.

पहिले काही दिवस पालकाने दहा पावलं मागे आणि गप्प राहायचं. "डावीकडे, डावीकडे" असं मागून ओरडत राहिलात तर मूल रस्ता ऐकायचं सोडून तुम्हालाच ऐकतं. खूण म्हणून हलणारी वस्तू धरू नका. वडापावची गाडी आज आहे, उद्या नाही. उतार, पायऱ्या, गिरणीचा आवाज, चप्पल लाईनमधला कातड्याचा वास, या खुणा टिकतात. पावसाळ्यात पत्र्यावरच्या पावसाने सगळे आवाज बुजतात, तेव्हा ओळखीचा रस्ताही नवा होतो. जुलैमध्ये नवा रस्ता शिकवू नका.

रस्ता ओलांडताना कुणी मदतीला आलं तर मुलाने त्या माणसाच्या कोपराच्या वर धरायचं आणि अर्धं पाऊल मागे चालायचं. दंड धरून ढकलत नेणाऱ्याला "थांबा, मी तुमचा हात धरतो" हे वाक्य ठणकावून म्हणता आलं पाहिजे. घरी त्याची तालीम घ्या.

केएमटीला, म्हणजे शहर बसला, थांब्यावर फक्त नंबर विचारू नका, "कुठं चालली?" हेही विचारा. उतरायचा थांबा कंडक्टरला चढतानाच सांगा आणि मध्ये एकदा आठवण करा.

आमच्या मुलीला दिवसा दिसतं, रात्री अजिबात नाही. ती अंध की डोळस?

दोन्ही खाती तिला लागू आहेत, हीच तिची अडचण. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या आजारात आधी रात्रीचं दिसणं जातं, मग नजरेचा घेर आवळत जातो. समोरचा फलक वाचणारी मुलगी बाजूच्या स्टुलाला धडकते आणि सगळे म्हणतात, नाटक करते. तिला रात्रीपुरती काठी आत्ताच शिकवा. हा आजार अनेकदा आनुवंशिक असतो. आपल्याकडे मामाच्या घरी मुलगी द्यायची पद्धत आहे, म्हणून नात्यातलं लग्न ठरवण्याआधी डॉक्टरांशी बोला.

थोडी नजर असलेल्या मुलांना उजेड आणि रंगाचा फरक मदत करतो. पांढऱ्या ताटात भात हरवतो, गडद ताटात दिसतो. टेबललॅम्प मागून किंवा बाजूने हवा, डोळ्यांवर नको. जिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या कडेला पिवळी पट्टी लावा.

युडीआयडी कार्डासाठी काय करावं लागतं?

युडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. त्याचा अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर भरायचा आणि तपासणीसाठी रुग्णालय निवडायचं. कोल्हापूरकरांसाठी ते सहसा सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. तपासणारं डॉक्टरांचं मंडळ कोणत्या वारी बसतं ते आधी विचारून घ्या, हेलपाटा वाचतो. आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा आणि डोळ्यांचे जुने सगळे रिपोर्ट बरोबर न्या. नावाचं स्पेलिंग आधारवर आणि शाळेच्या दाखल्यावर सारखं आहे का, हे अर्जाआधी जुळवा. बहुतेक अर्ज इथंच अडकतात.

टक्केवारी चांगल्या डोळ्याच्या नजरेवरून, चष्मा लावून काढतात. चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी (३/६० म्हणजे इतरांना ६० मीटरवरून दिसतं ते ३ मीटरवरून दिसणं) किंवा नजरेचा घेर १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व धरतात. त्याच्या वर ६/१८ पर्यंत अल्पदृष्टी. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा शाबूत असेल तर ३० टक्के मिळतात. आरक्षणाला ४० टक्के लागतात, त्यामुळे तिथं तो दाखला उपयोगी पडत नाही. याबद्दल मंडळाशी भांडून काही होत नाही, नियमच तसा आहे. कार्डावर मुदत लिहिली असेल तर ती संपायच्या तीन-चार महिने आधी पुढच्या तपासणीला लागा. भरतीच्या जाहिरातीत मुदत संपलेलं कार्ड चालत नाही.

अठरा पूर्ण झाल्यावर कोर्टातून पालकत्व घ्यावं लागतं का?

नुसतं अंधत्व असेल तर नाही. अठरा वर्षांचा अंध मुलगा कायद्याने पूर्ण सज्ञान असतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याला मालमत्ता बाळगण्याचा आणि स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा हक्क स्पष्ट दिला आहे. अंधत्वासोबत मतिमंदत्व किंवा सेरेब्रल पाल्सी असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा.

मतदार यादीत नाव घालायला फॉर्म ६. मतदान यंत्रावर ब्रेलमध्ये आकडे असतात. सोबती हवा असेल तर अठरा वर्षांवरचा कुणीही नेता येतो, कोण ते मतदाराने ठरवायचं.

आधारचं बायोमेट्रिक पंधराव्या वर्षी नव्याने द्यावं लागतं. बुबुळांचा ठसा उमटत नसेल तर अपवाद नोंदवता येतो. केंद्रावरचा माणूस "मशीन घेत नाही" म्हणाला तर हाच शब्द वापरा: बायोमेट्रिक अपवाद.

बँक म्हणते, जॉइंट खातं काढा, एटीएम कार्ड देणार नाही.

असं म्हणता येत नाही. चेकबुक, एटीएम, नेटबँकिंग, लॉकर यांपैकी काहीही अंधत्वाच्या कारणाने नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बँकांना कळवलं आहे. शाखेत आवाज न चढवता एवढंच म्हणा: "नकार लेखी द्या." बऱ्याचदा काम तिथंच होतं. नाही झालं तर आधी बँकेच्या तक्रार विभागाकडे आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

सही मात्र शिकवा. अंगठ्यावर खातं काढलं की प्रत्येक वेळी साक्षीदार आणि अधिकारी शोधत बसावं लागतं. जाड पुठ्ठ्यात सहा सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर उंच खाच कापा आणि तिच्या आत सही गिरवून घ्या. रोज दहा वेळा, दोन महिने. सही सुंदर नको, दर वेळी सारखी हवी.

नोटा कशा ओळखायच्या?

लांबीवरून. नव्या नोटा अशा: १० ची १२३ मिलिमीटर, २० ची १२९, ५० ची १३५, १०० ची १४२, २०० ची १४६, ५०० ची १५०. शंभरापासून पुढे फरक चारच मिलिमीटरचा, म्हणून नुसत्या बोटावर भिस्त ठेवू नका. पाचशेच्या नोटेएवढा लांब पुठ्ठा घेऊन त्याच्या कडेला प्रत्येक नोटेच्या लांबीवर खाच पाडून ठेवा. कडांवर उठावाच्या तिरक्या रेघाही असतात, शंभराला आणि दोनशेला चार, पाचशेला पाच. पण बाजारात फिरून मऊ झालेल्या नोटेवर त्या हाताला लागत नाहीत.

खरी फसगत जुन्या नोटांनी होते. जुनी शंभराची नोट १५७ मिलिमीटर, म्हणजे नव्या पाचशेपेक्षा लांब. जुनी विसाची १४७, म्हणजे जवळपास दोनशेएवढी. रुंदी बघा: विसाची ६३, दोनशेची ६६. लक्ष्मीपुरीत रविवारच्या बाजारात मोजमाप करत कोण बसणार? म्हणून घरातूनच घड्या घालून निघायचं: शंभर सरळ, दोनशे आडवी घडी, पाचशे आडवी आणि उभी. परत आलेली रक्कम वेगळ्या खिशात ठेवायची आणि घरी रिझर्व्ह बँकेच्या मनी ॲपने तपासायची. हे ॲप इंटरनेटशिवाय चालतं.

यूपीआय वापरताना एका कानात इअरफोन हवा, नाहीतर फोन पिन मोठ्याने बोलू शकतो. पैसे *घ्यायला* पिन लागत नाही. कुणी "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणालं तर तो चोर.

कॉम्प्युटरवर मराठी कशी करायची?

एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, फुकट आहे आणि मराठी वाचतो. जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर विकत घ्यायची सुरुवातीला गरज नाही. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असतोच. टायपिंग इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर शिकवा: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, एकदा बोटात बसलं की सुटत नाही. माउस बाजूला काढून ठेवा, सगळं कीबोर्डवरून.

अडचण येते ती नोट्सची. सरांनी श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली फाइल स्क्रीन रीडरला इंग्रजी अक्षरांचा कचरा वाटते, कारण त्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या जागी दुसराच कोड असतो. युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या. फोटो काढून केलेली पीडीएफ तर नुसतं चित्र असते. ती गूगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडली की मजकूर मिळतो. जोडाक्षरं आणि तक्ते बिघडतात, त्यामुळे एका डोळस मित्राने नजर फिरवलेली बरी.

पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय या दृष्टिबाधितांच्या ऑनलाइन ग्रंथालयात नाव नोंदवा. शिवाजी विद्यापीठात प्रवेश घेतला असेल तर बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात पहिल्याच आठवड्यात जाऊन दृष्टिबाधितांसाठी काय सोय आहे ते विचारा. पुस्तक स्कॅन करून वाचण्याजोगं करणं हा अंध वाचकासाठी कॉपीराइटचा भंग ठरत नाही, १९५७ च्या कायद्यात २०१२ साली तशी तरतूद झाली आहे.

आणि ब्रेल? हवीच. ऐकून निबंध कळतो, शुद्धलेखन कळत नाही. औषधाच्या बाटलीवर, फायलीवर, मसाल्याच्या डब्यावर स्वतः चिठ्ठी चिकटवता येणं हे फोनने भरून निघत नाही.

गणित सोडलं तर नाही का चालणार? शाळाच तसं सुचवते.

आम्ही नाही म्हणतो. सवलत मिळते म्हणून नववीत गणित सोडलेली मुलं बारावीनंतर बँकेच्या परीक्षेला बसतात आणि तिथं संख्यात्मक अभियोग्यतेचा पेपर समोर येतो. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेतही अंकगणित आहेच. टेलर फ्रेम (खुंट्यांनी आकडे मांडायची पाटी), अबॅकस आणि तोंडी आकडेमोड यांवर दहावीपर्यंतचं गणित होतं. भूमितीच्या आकृत्या दोऱ्याने किंवा डिंकाने उठावाच्या करून द्या.

लेखनिकाचं काय?

लेखनिक म्हणजे परीक्षेत मुलाने सांगितलेलं उत्तर लिहिणारा. परीक्षेत दर तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. लेखनिक कोण, किती शिकलेला, तो आपण आणायचा की परीक्षा घेणाऱ्या मंडळाने द्यायचा, हे नियम परीक्षेगणिक वेगळे आहेत आणि बदलतात. म्हणून प्रत्येक जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

सांगणं ही कला आहे आणि तिचा सराव लागतो. मुलाने पूर्ण वाक्य सांगायचं, विरामचिन्हांसकट, आणि परिच्छेद संपला की वाचून घ्यायचा. पर्यायी प्रश्नांत प्रश्नाचा क्रमांक आणि पर्याय दोन्ही बोलायचे आणि लेखनिकाने ते परत म्हणायचे. एक प्रश्न सोडला आणि उत्तरपत्रिकेत रकाना सोडायचा राहिला, तर पुढचं सगळं एका घराने सरकतं. सरावाचे निदान पाच पेपर त्याच लेखनिकाबरोबर, घड्याळ लावून.

नोकऱ्या कोणत्या मिळतात?

बँका, शिक्षकी, सरकारी कार्यालयं, वकिली, भाषांतर, सॉफ्टवेअर आणि वेबसाइट दिव्यांगांना वापरता येतात का हे तपासण्याचं काम. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना ४ टक्के जागा आहेत, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशपदाची वाटही मोकळी केली: केवळ दृष्टी नाही म्हणून न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही.

टेलिफोन ऑपरेटर आणि खुर्च्या विणणं एवढंच जुन्या लोकांना माहीत असतं. पहिलं काम जवळपास संपलंय, दुसऱ्यावर पोट भरत नाही.

मुलाखतीत "काम कसं करणार?" असं विचारतातच. लॅपटॉप बरोबर न्या, स्क्रीन रीडर लावून दोन मिनिटांत एक फाइल उघडून दाखवा. भाषणापेक्षा ते पटतं.

प्रवासात काय सवलत आहे?

एसटीत ७५ टक्के. रेल्वेत पूर्ण अंध प्रवाशाला आणि एका सोबत्याला स्लीपर, थ्री एसी आणि चेअर कारला ७५ टक्के, तर फर्स्ट एसी आणि टू एसीला ५० टक्के. त्यासाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र काढावं लागतं. कोल्हापूर पुणे विभागात येतं, अर्ज तिकडे जातो.

मुलीला बाहेर पाठवायची भीती वाटते.

भीती रास्त आहे. पण काही न सांगणं हा तिच्यावरचा उपाय नाही. पाळीचे दिवस, पॅडची चिकट बाजू बोटाने ओळखणं, बदलायच्या वेळा घड्याळाने ठरवणं, हे आईने किंवा मोठ्या बहिणीने हात धरून शिकवायचं. कुठला स्पर्श मदतीचा आणि कुठला नाही, हेही स्पष्ट शब्दांत. लाइव्ह लोकेशन कसं पाठवायचं ते आणि ११२ हा आणीबाणीचा क्रमांक तिला पाठ हवा.

हॉस्टेलला पाठवण्याआधी काय करावं?

घरातच तालीम घ्या. शनिवार-रविवार आई-वडिलांनी गावाला जायचं आणि मुलाने एकट्याने राहायचं. जेवण, अंघोळ, दार लावणं, गॅसची नळी बंद करणं, सगळं त्याचं. फोन त्याने केला तरच बोलायचं. पहिल्या वेळी भात करपेल, तेव्हा काय केलं ते विचारा, पण भांडं तुम्ही घासू नका. दुसरी तालीम महिन्याने, तिसरी पंधरा दिवसांनी.

मग कॉलेज सुरू व्हायच्या आधी आठ दिवस हॉस्टेलवर. खोली ते मेस, खोली ते संडास, गेट ते वर्ग, एवढ्या तीन वाटा पक्क्या झाल्या की बाकीच्या तो स्वतः काढतो. सामान त्याने स्वतः लावायचं. आईने लावलेल्या कपाटात त्याला महिनाभर मोजे सापडत नाहीत.